कुत्र्याने धरलेली पाळीव हंस मादी: पहिले चोवीस तास, आणि पायाची ती जुनी खपली

प्रश्न थोडक्यात असा आहे. शेतघरावर पाळलेली तीन वर्षांची पांढरी हंस मादी, चोचीच्या मुळाशी गाठ असलेली, वजन अंदाजे साडेचार किलो. रात्री भटक्या कुत्र्याने धरली. डावा पंख लोंबतो आहे, पाठीवर दोन-तीन बारीक छिद्रे आहेत. ती बसून आहे, खात नाही. उजव्या तळपायावर महिनाभर काळी खपली होती, त्या पायाने थोडी लंगडायची. तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर गाई-म्हशी पाहतात. घरी काय करावे, डॉक्टरांना काय सांगावे, जखमेवर हळद-तूप चालेल का?

हळद-तूप नको. तुपाने पिसे चिकटतात, अंग कोरडे आणि उबदार ठेवण्याची त्यांची ताकद जाते. हळदीचा थर जखमेवर वाळला की आत काय चालले आहे ते दिसत नाही. तेल, व्हॅसलिन आणि चिकट मलमे याच कारणाने टाळा. ज्या मलमात स्टिरॉइड किंवा जागा बधिर करणारे औषध असते ते तर अजिबात नको. ही दोन्ही औषधे कातडीतून अंगात शोषली जातात आणि फार थोड्या मात्रेतही पक्ष्याला त्यांचा त्रास होतो.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या काही तासांत पक्षी बहुधा जखमेने जात नाही, तो धक्क्याने, थंडीने आणि वारंवार हाताळल्याने जातो. म्हणून आधी हंस सांभाळायचा, जखम त्यानंतर. लोंबणारा पंख पाहून सगळे घर त्याच्यामागे लागते, पण तो पंख दोन तास थांबू शकतो.

तिला अंधाऱ्या, शांत खोलीत मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा डालग्यात ठेवा. खाली घडी घातलेली जुनी चादर घाला, गुळगुळीत फरशी नको. आतली हवा २८ ते ३० अंश राहील अशी ऊब द्या. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून एकाच बाजूला ठेवा, म्हणजे नको वाटल्यास तिला सरकता येईल. ती चोच उघडून धापा टाकत असेल आणि अंग गरम लागत असेल तर ऊब काढून घ्या. हंसाचे शरीराचे तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, त्यामुळे हाताला ‘ताप’ वाटतो तो ताप नसतो. गुदद्वारात थर्मामीटरने ४० च्या खाली आकडा आला तर मात्र ती थंड पडत चालली आहे असे समजा.

धरण्याची पद्धत नीट लक्षात घ्या. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छाती आणि पोटाची भिंत पुढे-मागे हलली तरच हवा आत जाते. छाती आवळून धरलेला हंस तोंडाने ओरडत नाही, तो गुपचूप गुदमरतो. दोन्ही पंख मिटवून तिला आपल्या कुशीत घ्या. तिचे तोंड मागे, शेपूट पुढे, एक हात पोटाखाली आणि पाय त्या हाताच्या बोटांमध्ये. पायांना किंवा एका पंखाला धरून उचलू नका, बाजारात बांधतात तसे पाय बांधू नका. मान पकडावी लागलीच तर क्षणभर, आणि तेव्हाही अंगाचा भार दुसऱ्या हातावर हवा.

रक्त वाहत असेल तर कोरडे स्वच्छ फडके पाच मिनिटे सलग दाबून ठेवा. मधे उचलून पाहण्याचा मोह आवरा. वाढत्या पिसाच्या पोकळ दांड्यात रक्त असते, ते मोडले की थेंब थांबत नाहीत. तिथे कॉर्नफ्लोअर दाबले तर चालते, पण खोल जखमेत पीठ भरू नका.

पाणी घशात ओतू नका, ही चूक सगळ्यात जास्त होते. हंसाच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच उघडते, ओतलेले पाणी सरळ तिथे जाते. शुद्धीवर असेल, मान उचलून धरत असेल तर समोर खोल भांड्यात पाणी ठेवा. औषधाच्या दुकानातले ओआरएसचे पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवून पहिले काही तास तेच ठेवले तरी चालेल. मान टाकली असेल तर तोंडाने काहीच नको. डॉक्टरांकडून रिंगर लॅक्टेट (एक प्रकारचे सलाइन) मागा. ते ३८ अंशांपर्यंत कोमट करून, जांघेसमोरच्या सैल कातडीखाली, दोन-तीन जागी वाटून द्यायचे. किलोमागे १० ते २० मिली, म्हणजे साडेचार किलोला एका वेळी ४५ ते ९० मिली. दिवसाची साधी गरज किलोमागे ५० मिली धरली तर तिला सव्वादोनशे मिली लागते, आणि न खाता-पिता गेलेल्या वेळेची तूट वेगळी. कातडीखाली हात फिरवल्यावर पापड मोडल्यासारखे चुरचुर लागत असेल तर पक्ष्याच्या अंगातली, फुप्फुसांना जोडलेली हवेची पिशवी फाटून हवा कातडीखाली आली आहे. त्या जागी सलाइन टोचू नका, डॉक्टरांना लगेच दाखवा.

दोन-तीन तासांनी ती जरा सावरली की जखम पाहा. कुत्र्याच्या सुळ्याचे बाहेरचे छिद्र मसुराएवढे असते, आतले मांस त्याच्या कितीतरी पट फाटलेले असते, कारण कुत्रा पकडून झटके देतो. त्यामुळे ‘एवढीशीच आहे’ हे वाक्य इथे उपयोगाचे नाही. पिसे ओली करून बाजूला सारा, जखमेभोवतीची दोन सेंटिमीटर पिसे कात्रीने छाटा. ती उपटू नका, कातडी कागदासारखी फाटते. उड्डाणाची मोठी पिसे कापू नका.

धुण्यासाठी मिठाचे पाणी घरी होते: एक लिटर उकळून कोमट केलेले पाणी आणि ९ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट दीड चमचा. २० मिलीच्या सिरिंजने, सुई न लावता, हलक्या धारेने धुवा. त्यानंतर बीटाडीन, पण पातळ केलेले. दुकानातले १० टक्क्यांचे द्रावण १० मिली घेऊन एक लिटर पाण्यात घाला, रंग पातळ कोऱ्या चहासारखा यायला हवा. दाट बीटाडीन, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट नव्या मांसालाच जाळतात.

एक अपवाद पाठ करून ठेवण्यासारखा आहे. पंखाचे खांद्यालगतचे हाड पोकळ असते आणि ते हवेच्या पिशवीला जोडलेले असते. त्या हाडाचे टोक कातडीतून बाहेर आले असेल तर तिथे पाण्याची धार मारू नका. पाणी हाडातून थेट श्वसनमार्गात उतरते आणि हंस आपल्या हातात बुडतो. ओल्या गॉजने नुसते झाकून न्या.

पावसाळ्यात आणि उन्हाळ्याच्या अखेरीला दर सहा तासांनी माश्यांची अंडी शोधा. पिसांच्या मुळाशी पांढुरके, रव्यासारखे गुच्छ दिसतात. चोवीस तासांत त्यांच्या अळ्या होतात. गुच्छ बारीक कंगव्याने काढा, अळ्या चिमट्याने, आणि पुन्हा धुवा. बैलाच्या जखमेत टर्पेंटाईन किंवा फिनेल घालतात ते इथे चालणार नाही. त्या वाफा श्वासात गेल्या तर जखमेच्या आधी फुप्फुसे जातील.

पंख सध्या फक्त आधाराला बांधा. तो नैसर्गिक घडीत मिटवा. पिसांना न चिकटता स्वतःलाच चिकटणारी पट्टी घ्या, मनगटाच्या सांध्यापासून सुरुवात करून कोपराकडे इंग्रजी आठच्या (8) आकड्यासारखा वेढा द्या. मोड कोपराच्या वर असेल तर एक वेढा अंगाभोवतीही लागतो. तो निरोगी पंखाच्या खालून न्यायचा आणि त्याखाली एक बोट सहज सरकले पाहिजे. बांधून झाल्यावर दोन मिनिटे श्वास पाहा. शेपूट श्वासाबरोबर खालीवर होऊ लागली तर ताबडतोब सैल करा. पट्टी हा इलाज नव्हे, डॉक्टरांपर्यंत पोचण्याची सोय आहे. एकाच घडीत तीन आठवडे बांधलेला पंख जुळतो खरा, पण पुढची कातडी आखडते आणि तो पुन्हा उघडत नाही. दर तीन-चार दिवसांनी पट्टी सोडून, वेदनाशामक दिल्यावर, सांधे हलक्या हाताने उघडमीट करायचे असतात. हे पहिल्यांदा डॉक्टरांनी दाखवावे.

गाई-म्हशींचे डॉक्टर असले म्हणून कमीपणा मानू नका. मापे हातात असली तर तालुक्याच्या दवाखान्यातही बरेच काही होते. वजन करून जा: स्वतः हंसाला घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकट्याने, वजाबाकी करा. ‘अंदाजे साडेचार’ या शब्दावर औषध देता येत नाही. पुढील गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगा.

इंजेक्शन मांडीत नको, छातीच्या स्नायूत द्यावे. पक्ष्याच्या मागच्या भागातले रक्त आधी मूत्रपिंडातून जाऊ शकते. त्याने औषधाचा काही भाग वाया जातो आणि काही औषधे तिथेच त्रास देतात.

वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम, किलोमागे ०.५ ते १ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा किंवा दोनदा, अंगात पाण्याची तूट भरल्यावर. साडेचार किलोला ०.५ प्रमाणे सव्वादोन मिलिग्रॅम, म्हणजे मिलीला ५ मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतून अर्ध्या मिलीपेक्षाही कमी. बाटलीवरचे लेबल वाचा. जनावरांसाठीच्या काही बाटल्यांत मेलॉक्सिकॅमबरोबर पॅरासिटामॉल मिसळलेले असते, ती नको. डायक्लोफेनॅक तर नकोच. भारतातील गिधाडे ज्याने संपत आली ते हेच औषध. जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली, आणि केटोप्रोफेन व एसिक्लोफेनॅकवर २०२३ मध्ये. घरातल्या माणसांच्या गोळ्यांच्या डब्यातून त्यातले काही काढून देऊ नका.

चाव्यासाठी प्रतिजैविक लागतेच, आणि ते पहिल्याच दिवशी सुरू व्हायला हवे. बहुधा अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट निवडतात. पक्ष्यांत त्याची मात्रा किलोमागे सुमारे १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा अशी असते. कुत्र्याच्या मात्रेपेक्षा ती कितीतरी मोठी आहे, म्हणून कुत्र्याच्या हिशेबाने दिलेले औषध अपुरे पडते. प्रोकेन असलेले पेनिसिलिन टाळावे. औषधे चालू असताना आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस नंतरही तिची अंडी कोणी खाऊ नयेत.

रेबीजची लस हंसाला लागत नाही, तो सस्तन प्राण्यांचा रोग आहे. पण कुत्र्याच्या ताज्या लाळेने भिजलेली पिसे तुम्ही हाताळली आणि हाताला ओरखडा असेल तर साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि स्वतःसाठी डॉक्टरांना विचारा.

एक्स-रे काढायचाच आहे तर फक्त पंखाचा नको, सगळ्या अंगाचा काढायला सांगा. जाळ्याची शिशाची वजने, जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेचे तुकडे, खिळे हे सगळे हंस खड्यांबरोबर गिळतो आणि ते पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या जठरात, अडकून राहते. शिसे हळूहळू रक्तात उतरते: वजन उतरते, पंख सैल पडतात, मान वाकडी होते, विष्ठा गर्द हिरवी होते. अशा हंसाला कुत्रा सहज धरतो. हा विचार महत्त्वाचा आहे. कळप ओरडून पळतो तेव्हा मागे राहतो तो आधीच कुठेतरी कमी पडलेला असतो. चाव्यावर उपचार करताना ‘हीच का सापडली’ हा प्रश्न विचारला नाही तर अर्धेच काम होते.

तुमच्या बाबतीत उत्तर बहुधा त्या काळ्या खपलीत आहे.

तळपायाची काळी, गोल, मधे खोलगट खपली आणि भोवती गरम सूज: याला बंबलफूट म्हणतात. वजनदार पक्षी शहाबादी फरशीवर, सिमेंटच्या खरबरीत कोब्यावर किंवा जाळीवर दिवसभर उभा राहतो, तळव्याची कातडी झिजते आणि आत बहुधा स्टॅफिलोकॉकस जंतू शिरतात. तांदूळ, मका आणि पोळीच्या तुकड्यांवर ठेवलेला, हिरवे न मिळणारा हंस जाडही होतो आणि त्याला अ जीवनसत्त्वही कमी पडते. त्यामुळे कातडी आणखी कमकुवत होते. पोहायला मिळाले तर पायावरचा भार उतरतो. ज्यांच्याकडे तळे नाही त्यांच्याकडे हा आजार जास्त दिसतो.

पक्ष्याचा पू वाहत नाही. आपल्या पुवात त्याला पातळ करणारी रसायने असतात, पक्ष्याच्या पेशींत ती अपुरी, म्हणून तो खव्यासारखा घट्ट गोळा होऊन बसतो. त्यामुळे ‘पिकू द्या, मग फुटेल’ हा सल्ला इथे खोटा ठरतो. महिनाभर थांबले तर तो गोळा कंडरांपर्यंत आणि हाडापर्यंत पोचतो.

खपली पातळ असेल, सूज नसेल तर घरी जमते. एक लिटर कोमट पाण्यात ३० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट घालून रोज १० ते १५ मिनिटे पाय बुडवा, पुसून कोरडा करा, पातळ बीटाडीन लावा. मग एक सेंटिमीटर जाडीच्या फोमची वडा-चकती करा, मधले भोक खपलीपेक्षा जरा मोठे. ती तळव्याला गॉज आणि पट्टीने बांधा, म्हणजे भार कडेने जाईल. बोटांमधल्या पडद्यावर ताण नको. पट्टीच्या बाहेरची बोटे थंड पडली किंवा सुजली तर पट्टी घट्ट आहे. पट्टी ओली झाली की त्याच दिवशी बदला.

सूज असेल, आत कडक गाठ लागत असेल, तर ब्लेड घेऊन घरी कोरू नका. त्या गाठीशेजारून बोटे हलवणारी कंडरा आणि रक्तवाहिन्या जातात. डॉक्टरांनी भूल देऊन गोळा पूर्ण काढायचा, थोडा पू जंतुतपासणीला पाठवायचा, पहिले तीन दिवस रोज आणि नंतर दोन-तीन दिवसांनी पट्टी बदलायची. भरून यायला तीन ते सहा आठवडे धरून चाला. आणि दुसरा तळपाय रोज पाहा. एका पायावर भार देणाऱ्या हंसाचा निरोगी पाय काही आठवड्यांत बिघडतो, हे इतके नेहमीचे आहे की दोन्ही तळव्यांखाली पहिल्यापासूनच मऊ बिछाना ठेवावा. रबरी चटई आणि त्यावर कोरडे गवत उत्तम. बुरशी लागलेला पेंढा मात्र नको. त्याच्या धुळीतून अ‍ॅस्परजिलस फुप्फुसात जातो, आणि तो आजार उतरवायला महिने लागतात.

खाण्याबद्दल. हंसाला खरी अन्नपिशवी नसते, अन्ननलिकाच खाली रुंदावलेली असते. त्यामुळे नळीने एकदम जास्त दिले तर वर येते आणि श्वासनलिकेत जाते. २४ तास काहीच खाल्ले नाही तरच नळी, आणि तीही शिकून घेऊन: मऊ रबरी १४ नंबर, चोचीच्या टोकापासून मान अंगात शिरते तिथपर्यंत मापून खूण करायची, मान सरळ ताणून ठेवायची. बाहेरून चाचपले की दोन नळ्या वेगळ्या लागल्या पाहिजेत, एक कडीदार श्वासनलिका आणि दुसरी आपली. एकच लागली तर थांबा. पहिल्यांदा किलोमागे १० मिली, पुढे २० पर्यंत. भिजवून गाळलेले अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य चालते. दूध नको, पक्ष्याला ते पचत नाही.

स्वतःहून खावे यासाठी साधी युक्ती: गहू किंवा भात पाण्याच्या तसराळ्यात टाका, वर कोवळी हरळी किंवा लसूणघास कापून तरंगवा. आजारी हंस कोरड्या ताटलीकडे पाहत नाही, पण पाण्यात चोच घालतो. भांडे इतके खोल हवे की नाकपुड्या बुडतील, नाहीतर डोळे आणि नाक चिकटू लागतात. पोहणे मात्र जखमा कोरड्या होईपर्यंत बंद.

जोडीदार असेल तर जाळीपलीकडे, दिसेल असा ठेवा. एकटी पडलेली मादी हाका मारत राहते आणि खात नाही. ही भावुकता नव्हे, दोन दिवसांच्या विष्ठेत फरक दिसतो. विष्ठा रोज पाहा. घट्ट, हिरवी-तपकिरी आणि पांढरी टोपी असलेली चांगली. थोडी, पातळ, भडक हिरवी म्हणजे पोट रिकामे आहे. पांढऱ्या भागाला पिवळा-हिरवा रंग आला तर यकृताची तपासणी हवी. वजन रोज सकाळी, खाण्याआधी, वहीत लिहा. साडेचार किलोवरून चार किलोच्या जवळ आले तर दहा टक्क्यांहून जास्त घसरले. पुढच्या तारखेची वाट न पाहता परत जा.

कुत्र्याचा संबंध नसताना हंस अचानक बसला तर गणित वेगळे. मादी शेपूट हलवत कुंथत असेल तर अंडे अडकलेले असू शकते: ३८ ते ४० अंशांच्या पाण्यात पोट बुडेल असे २० मिनिटे, मग अंधारात ऊब, आणि डॉक्टरांकडून कॅल्शियम. अंडे दाबून फोडू नका. आटत्या तळ्याकाठी मेलेले मासे किंवा कोंबडी कुजत असेल आणि मान दोरीसारखी लुळी पडली असेल तर बोट्युलिझम, म्हणजे कुजक्या मांसातल्या जंतूच्या विषाने येणारा लुळेपणा. पिल्ले ब्रॉयलर खाद्यावर वाढताना गुडघे बाहेर फेकून चालू लागली तर नायसिन (एक ब जीवनसत्त्व) कमी पडते, किलो खाद्यात ५० ते ७५ ग्रॅम ब्रूअर्स यीस्ट मिसळा.

एकापेक्षा जास्त पक्षी एक-दोन दिवसांत मेले, मान फिरवू लागले, तर कोणाला हात लावू नका, शव उघडू नका, पक्षी कुठे हलवू नका. पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ या फोन क्रमांकावर किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात कळवा. आज जगभर फिरणाऱ्या एच५एन१ बर्ड फ्लूचे घराणे १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंगमध्ये एका हंसातच पहिल्यांदा सापडले, आणि भारतात तो पहिल्यांदा २००६ मध्ये आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आला. कळवल्याने कोणी दोषी ठरत नाही.

शस्त्रक्रिया लागणार असेल आणि तालुक्यात सोय नसेल तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीर इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आधी फोन करून जा. उन्हाळ्यात पहाटे निघा.

पंख चुरडला गेला असेल आणि डॉक्टर तो काढायला सांगत असतील तर घाबरू नका. एका पंखावर पाळीव हंस वर्षानुवर्षे चांगला जगतो. पायाचे तसे नाही. एवढ्या वजनाचा पक्षी एका पायावर फार काळ तगत नाही, दुसरा तळवा जातो आणि छातीवर फोड येतात. तिथे वेदना लांबवण्यापेक्षा शांत मरण देण्याबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

बरी झाल्यावर एकदम कळपात सोडू नका. आधी आठवडाभर जाळीपलीकडे, मग संध्याकाळी तासभर एकत्र, दोन पाणवठे आणि दोन खाद्याची भांडी वेगळ्या कोपऱ्यांत. दुसऱ्या माद्या मानेवर चोच मारू लागल्या तर पुन्हा दोन दिवस वेगळी. आणि तोपर्यंत रात्रीच्या खुराड्याची फरशी झाकलेली आणि खालची जाळी जमिनीत फूटभर पुरलेली असू द्या. कुत्रा खालून उकरून येतो.